बदलत्या समाजमाध्यमांवर पर्यटन व्यवसायाचा प्रसार कसा करावा

सहलींचे आयोजन करणारा व्यावसायिक समाजमाध्यमांकडे वळतो तेव्हा ‘कोणत्या माध्यमावर खाते उघडावे?’ हाच प्रश्न तो बहुधा सर्वांत आधी विचारतो. प्रश्न रास्त आहे, परंतु त्यापासून सुरुवात केली तर पुढची सगळी मांडणी त्या एका माध्यमाच्या भरवशावर उभी राहते, आणि हा भरवसा किती धरावा हे गेल्या काही वर्षांच्या इतिहासावरून स्पष्ट दिसते. गूगल प्लस २०११ मध्ये मोठ्या अपेक्षेने सुरू झाले आणि २ एप्रिल २०१९ रोजी सामान्य वापरकर्त्यांसाठी बंद झाले. सहा सेकंदांच्या चित्रफितींचे वाइन २०१३ मध्ये आले आणि चार वर्षांत संपले. भारतात टिकटॉकवर जून २०२० मध्ये बंदी आली, तेव्हा केवळ त्याच माध्यमावर उभे राहिलेल्या व्यवसायांचा सगळा प्रेक्षक एकाएकी हातातून गेला. ट्विटरचे २०२३ मध्ये एक्स झाले. जी माध्यमे टिकली तीही आतून बदलत गेली. २०१० मध्ये छायाचित्रांसाठी सुरू झालेल्या इन्स्टाग्रामवर २०१६ मध्ये स्टोरी, म्हणजे चोवीस तासांत नाहीशी होणारी पोस्ट, आली, २०१८ मध्ये लांब चित्रफितींसाठी आयजीटीव्ही आले आणि काही वर्षांतच गुंडाळले गेले, तर २०२० मध्ये आलेल्या रीलने, म्हणजे लहान उभ्या चित्रफितींनी, त्या माध्यमाचे रूपच पालटले.

या सगळ्या उलथापालथीत प्रवाशाच्या मनातले प्रश्न मात्र जवळपास तेच राहिले आहेत, आणि म्हणून प्रसाराची आखणी त्या प्रश्नांपासून सुरू करावी असे माझे ठाम मत आहे. सहल ही न पाहता विकत घेतली जाणारी वस्तू आहे. पैसे आधी द्यावे लागतात, रजा मोजकी असते, सोबत कुटुंब असते आणि काही बिघडले तर गेलेली सुटी परत मिळत नाही. त्यामुळे प्रवासी एखादे सुंदर छायाचित्र पाहून थबकतो खरा, पण बुकिंग करण्यापूर्वी तो अनेक दिवस, कधी अनेक महिने, शंकांचे निरसन करून घेत असतो. कोणत्या महिन्यात जावे, रोज किती चालावे लागेल, वयस्कर आईवडिलांना झेपेल का, दरात नेमके काय धरले आहे आणि काय धरलेले नाही, सहल रद्द झाली तर पैसे किती व केव्हा परत मिळतील, परक्या ठिकाणी अडचण आली तर फोन कोण उचलेल, हे प्रश्न त्याला छायाचित्रापेक्षा अधिक छळतात.

प्रश्नांची वही

म्हणून पहिले काम खाते उघडण्याचे नसून वही उघडण्याचे आहे. गेल्या वर्षभरात व्हॉट्सॲपवर, फोनवर, ईमेलने आणि कार्यालयात आलेल्या चौकश्या काढाव्यात आणि लोकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहावेत. ‘हवामान कसे असते?’ आणि ‘लहान मुलासाठी किती गरम कपडे घ्यावेत?’ हे दोन प्रश्न वरवर एकच वाटतात, परंतु दुसऱ्या प्रश्नामागे एक काळजीत पडलेला पालक उभा असतो आणि त्याला दिलेले नेमके उत्तर सामान्य माहितीपेक्षा कितीतरी जास्त विश्वास कमावते. फोनवर बोलणाऱ्या सहकाऱ्यांना आणि सहलीबरोबर जाणाऱ्या व्यवस्थापकांना या कामात सामील करून घ्यावे, कारण प्रवासी सर्वांत मोकळेपणाने त्यांच्याशीच बोलतात. या वहीतला प्रत्येक प्रश्न म्हणजे एका पोस्टचा, एका रीलचा किंवा एका सविस्तर लेखाचा विषय असतो. ज्याच्याकडे अशी वही आहे त्याला ‘आज काय टाकावे?’ हा प्रश्न पडत नाही, आणि उद्या एखादे नवे माध्यम आले तरी त्याची तयारी आधीच झालेली असते.

या प्रश्नांची पूर्ण उत्तरे आधी स्वतःच्या संकेतस्थळावर लिहावीत आणि मग त्यांचे लहान तुकडे माध्यमांवर न्यावेत. हा क्रम उलटा झाला तर उत्तम मजकूर जुन्या पोस्टच्या ढिगाऱ्यात गाडला जातो आणि तोच प्रश्न पुढच्या हंगामात पुन्हा विचारला गेला की पुन्हा पहिल्यापासून टंकत बसावे लागते.

माध्यमांची निवड

निवड करताना प्रवासी निर्णयाच्या कोणत्या टप्प्यावर ते माध्यम वापरतो याचा विचार करावा. इन्स्टाग्रामवर माणूस बहुधा काही ठरवून येत नाही, तिथे त्याच्या मनात इच्छा जागी होते. यूट्यूबवर तो ठिकाणाचे नाव टाकून शोधतो, म्हणजे त्याचा विचार एक पायरी पुढे गेलेला असतो, आणि तिथली चांगली चित्रफीत वर्षानुवर्षे प्रेक्षक आणत राहते. पिंटरेस्टवर लोक पुढच्या प्रवासाच्या कल्पना साठवून ठेवतात. फेसबुकवरील प्रवासविषयक गट सल्ला विचारण्यासाठी वापरले जातात, आणि तिथे जाहिरात करण्याऐवजी सातत्याने उपयुक्त उत्तरे देणारा माणूस लोकांच्या लक्षात राहतो. व्हॉट्सॲपवर प्रत्यक्ष बोलणी होऊन व्यवहार पक्का होतो. लहान व्यवसायाने दोन माध्यमे मनापासून सांभाळावीत आणि फार तर तिसरे प्रयोगासाठी ठेवावे. पाच ठिकाणी अर्धवट, महिनोन्‌महिने न हललेली खाती असणे हे खाते नसण्यापेक्षा वाईट, कारण शेवटची पोस्ट दीड वर्षापूर्वीची दिसली की कंपनी चालू आहे की बंद पडली अशी शंका प्रवाशाला येते.

फॉलोअरकडून अनोळखी प्रेक्षकाकडे

माध्यमे बदलतात म्हणजे नेमके काय बदलते, हे समजून घेतल्याशिवाय पुढचे काम डोळसपणे होत नाही. पूर्वी ज्याने तुमचे खाते फॉलो केले त्याला तुमच्या पोस्ट वेळेच्या क्रमाने दिसत. २०१६ मध्ये इन्स्टाग्रामने हा क्रम मोडून अल्गोरिदमने, म्हणजे कोणाला काय आवडेल याचा अंदाज बांधणाऱ्या संगणकीय नियमांनी, ठरवलेला क्रम आणला. जानेवारी २०१८ मध्ये मार्क झुकरबर्ग यांनी फेसबुकच्या न्यूज फीडमध्ये, म्हणजे उघडताच दिसणाऱ्या पोस्टच्या यादीत, व्यवसायांच्या पानांपेक्षा मित्र आणि कुटुंबीयांच्या पोस्टना अग्रक्रम मिळेल असे जाहीर केले, आणि विनामूल्य पोहोचेवर विसंबलेल्या पानांना त्याचा फटका बसला. टिकटॉकने तर कोणी कोणाला फॉलो केले आहे याला दुय्यम स्थान देऊन, पाहण्याच्या सवयींवरून चित्रफिती सुचवण्याची पद्धत रूढ केली आणि रील व यूट्यूबवरील लहान चित्रफिती, म्हणजे शॉर्ट्स, त्याच वाटेने गेले. जुलै २०२२ मध्ये इन्स्टाग्रामच्या वापरकर्त्यांनी या शिफारशींच्या भडिमाराविरुद्ध नाराजी व्यक्त केल्यावर कंपनीने काही बदल तात्पुरते मागे घेतले, परंतु एकूण दिशा बदलली नाही.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, तुमची पोस्ट आज जो पाहतो आहे त्याने तुमचे नाव पूर्वी कधी ऐकलेलेच नसण्याची शक्यता मोठी आहे. त्याला मागच्या भागाचा संदर्भ माहीत नाही, तुमची कंपनी सहली नेते की हॉटेल चालवते हे माहीत नाही, आणि दिसणारे तळे कोणत्या देशात आहे हेही माहीत नाही. म्हणून प्रत्येक पोस्ट स्वतंत्रपणे समजली पाहिजे. चित्रफितीच्या पहिल्या दोन-तीन सेकंदांत विषय कळावा. ठिकाणाचे नाव आणि चित्रीकरणाचा महिना पडद्यावर अक्षरांत यावा. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात, त्यामुळे बोललेले सर्व शब्द खाली उमटावेत. अखेरीस पुढे काय करायचे हे एकाच वाक्यात सांगावे : चौकशीसाठी संदेश पाठवावा, की संकेतस्थळावरील सविस्तर कार्यक्रम वाचावा. कंपनीच्या बोधचिन्हाने सुरू होणारी चित्रफीत लोक बोधचिन्ह संपायच्या आत पुढे सरकवतात, म्हणून ते शेवटी ठेवावे.

कॅप्शन लिहितानाही हाच अनोळखी माणूस डोळ्यांसमोर ठेवावा. ‘स्वर्गीय अनुभव’, ‘अविस्मरणीय क्षण’ असे शब्द कोणीही शोधत नाही. लोक ठिकाण, महिना, दिवसांची संख्या आणि सोबत कोण आहे हे टाकून शोधतात. ‘ज्येष्ठांसाठी सात दिवसांची सहल, चालणे कमी’ असे साधे वाक्य हॅशटॅगच्या लांबलचक माळेपेक्षा जास्त उपयोगी पडते. जुलै २०२५ पासून इन्स्टाग्रामच्या व्यावसायिक खात्यांवरील सार्वजनिक पोस्ट गूगलच्या शोधातही दिसू लागल्याने या साध्या, नेमक्या शब्दांचे मोल आणखी वाढले आहे.

चित्रीकरण एकदा, वापर अनेकदा

चौकटींचे आकार सतत बदलतात. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलवरील वर्षानुवर्षांची चौरस मांडणी २०२५ च्या सुरुवातीला उभी झाली आणि अनेकांनी काळजीपूर्वक रचलेली पाने विस्कटली. यावर उपाय एकच : मूळ सामग्री अशी जपावी की ती कोणत्याही चौकटीत बसवता येईल. मुख्य दृश्य चौकटीच्या मध्यावर घ्यावे, कारण कडा कापल्या जातात आणि रीलमध्ये उजवी बाजू व तळ बटणांनी आणि मजकुराने झाकला जातो. महत्त्वाचे दृश्य उभे आणि आडवे असे दोन्ही प्रकारे टिपावे. रील आणि शॉर्ट्ससाठी नऊ-सोळा या प्रमाणातली, १०८० बाय १९२० पिक्सेलची उभी चौकट चालते, तर यूट्यूबवरील लांब चित्रफितीला व संकेतस्थळाला आडवी लागते. मूळ फाइल संगीत आणि अक्षरे न घालता वेगळी ठेवावी, तिच्या नावात ठिकाण, महिना आणि वर्ष लिहावे, आणि तिची एक प्रत स्वतःच्या हार्ड डिस्कवर व दुसरी क्लाउडवर ठेवावी. एका माध्यमाच्या ॲपमध्ये तयार केलेली आणि त्याचे चिन्ह उमटलेली चित्रफीत दुसरीकडे टाकू नये. संगीताबाबतही सावध असावे. वैयक्तिक खात्यावर मिळणारी लोकप्रिय गाणी व्यावसायिक वापरासाठी परवानगी असलेली असतातच असे नाही, आणि हक्कभंगाच्या तक्रारीवरून चित्रफीत मूक होऊ शकते किंवा काढली जाऊ शकते.

सहलीतल्या प्रवाशांचे चित्रीकरण करताना त्यांची संमती लेखी घ्यावी, बुकिंगच्या अर्जातच तसा वेगळा रकाना ठेवावा आणि ज्याने नकार दिला त्याला कारण विचारू नये. मुलांचे चेहरे पालकांच्या स्पष्ट परवानगीशिवाय दाखवू नयेत. गट मुक्कामाला असलेल्या हॉटेलचे नाव गट तिथे असेपर्यंत प्रसिद्ध करू नये, कारण प्रवाशांच्या सुरक्षेबरोबरच त्यांच्या मागे बंद असलेल्या घरांचाही हा प्रश्न आहे.

दिसते तसे दाखवणे

या विषयावर मी थोडे अधिक लिहितो, कारण पर्यटन व्यवसायाची पत इथेच टिकते किंवा जाते. पावसाळ्यातल्या भरलेल्या धबधब्याचे दृश्य उन्हाळ्यातल्या सहलीच्या जाहिरातीत वापरले तर ती फसवणूकच असते, दृश्य कितीही खरे असले तरी. जाहिरातीतले छायाचित्र त्या सहलीच्याच हंगामातले असावे आणि महिना व वर्ष लिहिलेले असावे. गर्दी असते तिथे गर्दी दाखवावी आणि ती टाळण्यासाठी आपण कोणत्या वेळी जातो हे सांगावे. धुक्यामुळे शिखर दिसले नाही असा एखादा दिवसही दाखवावा आणि त्या दिवशी गटाने काय केले ते सांगावे. असे पाहून आलेला प्रवासी तिथे पोहोचल्यावर निराश होत नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेले चित्र खऱ्या ठिकाणाचे म्हणून कधीही वापरू नये.

एखादे ठिकाण लोकप्रिय करण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. मार्च २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील लेक एल्सिनोर या लहान शहराजवळ वॉकर कॅन्यनमध्ये नारिंगी पॉपी फुलांचा बहर आला, त्याची छायाचित्रे समाजमाध्यमांवर पसरली आणि इतकी गर्दी उसळली की रस्ते तुंबले, फुले तुडवली गेली आणि प्रशासनाला तिथला प्रवेश तात्पुरता बंद करावा लागला. म्हणून नाजूक कुरणे, पक्ष्यांची घरटी, दुर्मिळ प्राण्यांच्या जागा यांचे अचूक स्थान पोस्टला जोडू नये, प्रदेशाचे नाव पुरेसे असते. ज्या निसर्गावर आणि ज्या गावांवर आपला व्यवसाय चालतो त्यांना त्रास होईल अशी प्रसिद्धी आपल्याला नको.

प्रभावकांना, म्हणजे समाजमाध्यमांवर मोठा चाहतावर्ग असलेल्या इन्फ्लुएन्सरना, बोलावताना त्यांच्या फॉलोअरची संख्या पाहण्यापेक्षा त्यांच्या पोस्टखालच्या प्रतिक्रिया वाचाव्यात. लोक तिथे खरोखर प्रवासाविषयी विचारतात का, आणि त्यांना उत्तर मिळते का, एवढ्यावरून पुष्कळ कळते. सहल विनामूल्य दिली असेल तर पोस्टवर सशुल्क भागीदारीचा उल्लेख असलाच पाहिजे. त्यांनी टिपलेली दृश्ये आपण कुठे आणि किती काळ वापरू शकतो हे करारात आधीच लिहून घ्यावे.

हंगामाचे गणित

प्रसाराचे वेळापत्रक प्रस्थानाच्या तारखेपासून उलटे मोजत आखावे. व्हिसा लागणाऱ्या दूरच्या सहलीचा विचार कुटुंबे सहा महिने आधीच सुरू करतात, तर जोडून आलेल्या सुट्यांतल्या दोन-तीन दिवसांच्या सहलीचा निर्णय काही आठवड्यांत होतो. सुरुवातीच्या काळात ठिकाणाची ओळख, मग शंकांची उत्तरे, त्यानंतर दर आणि उरलेल्या जागा असा क्रम ठेवावा. जागा खरोखर थोड्या उरल्या असतील तेव्हाच तसे लिहावे. दर आठवड्याला ‘शेवटच्या दोन जागा’ अशी पोस्ट टाकणाऱ्या कंपनीवर लोक विश्वास ठेवत नाहीत.

दर विचारणाऱ्याला ‘इनबॉक्समध्ये पाहा’ असे उत्तर देण्याची सवय सोडावी. ज्याने विचारले त्याच्याबरोबर आणखी अनेक जण ते उत्तर मूकपणे शोधत असतात. दर, त्यात काय धरले आहे आणि तो केव्हापर्यंत लागू आहे, हे उघड लिहावे. तक्रार आली तर ती पुसू नये. पहिले उत्तर सर्वांसमोर सभ्यपणे द्यावे, तपशील खाजगीत सोडवावा, आणि काय तोडगा निघाला हे प्रवाशाच्या संमतीने पुन्हा तिथेच लिहावे. वाचणारे लोक तक्रारीपेक्षा तिच्या हाताळणीवरून कंपनीची पारख करतात.

दरड कोसळली, विमाने रद्द झाली, एखाद्या भागात अशांतता पसरली, तर आधीपासून वेळ लावून ठेवलेल्या सर्व पोस्ट तत्काळ थांबवाव्यात. त्याच भागातल्या हसऱ्या पर्यटकांची रील त्या दिवशी प्रसिद्ध होणे कोणालाही सहन होत नाही. गट कुठे आहे, सुखरूप आहे का, नातेवाइकांनी कोणत्या क्रमांकावर फोन करावा आणि पुढची माहिती किती वाजता मिळेल, एवढेच असलेली एक पोस्ट प्रोफाइलच्या वर खिळवून ठेवावी.

स्वतःच्या ताब्यातली यादी

४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप ही तिन्ही माध्यमे जगभरात सुमारे सहा तास एकाच वेळी बंद पडली. ज्यांचे सर्व प्रवासी केवळ या तीन ठिकाणी जोडलेले होते त्यांना त्या दिवशी कोणाशीही संपर्क साधता आला नाही. फॉलोअरची यादी आपल्याला डाउनलोड करून त्यांना ईमेल पाठवता येत नाही, म्हणून माध्यमावर भेटलेल्या माणसाला हळूहळू आपल्या यादीकडे आणणे हे काम सतत चालू ठेवावे. सामानाची यादी, व्हिसाच्या कागदपत्रांची तपासणी, महिन्यानुसार हवामान अशा खरोखर उपयोगाच्या पुस्तिकेच्या बदल्यात लोक स्वखुशीने ईमेल देतात. एकच संदेश अनेकांना स्वतंत्रपणे पाठवणाऱ्या व्हॉट्सॲपच्या प्रसारण यादीची (ब्रॉडकास्ट लिस्ट) मर्यादाही माहीत असावी : एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच संदेश पोहोचतो.

खात्यांची सुरक्षा हा पर्यटन व्यवसायात पैशाचा प्रश्न आहे, कारण नामांकित कंपनीच्या नावाने खोटे खाते उघडून आगाऊ रक्कम उकळण्याचे प्रकार घडतात. कंपनीच्या ईमेलवर खाती उघडावीत, द्विस्तरीय पडताळणी (पासवर्डखेरीज आणखी एक खातरजमा) सुरू ठेवावी, किमान दोन विश्वासू व्यक्तींकडे व्यवस्थापनाचे अधिकार असावेत आणि नोकरी सोडणाऱ्याचे अधिकार त्याच दिवशी काढावेत. पैसे कोणत्या नावाच्या खात्यावर भरायचे हे संकेतस्थळावर ठळक लिहून ते माध्यमांवर अधूनमधून सांगत राहावे.

मोजमाप आणि नवे माध्यम

लाख वेळा पाहिलेल्या रीलमधून एकही बुकिंग न होणे आणि आठशे वेळा पाहिलेल्या रीलमधून एक संपूर्ण गट मिळणे, या दोन्ही गोष्टी शक्य आहेत. म्हणून व्ह्यूंपेक्षा सेव्ह, शेअर आणि प्रत्यक्ष चौकश्या पाहाव्यात. प्रत्येक माध्यमावरच्या लिंकला वेगळी खूण जोडावी, जेणेकरून संकेतस्थळावर कोण कुठून आले हे कळेल. शिवाय प्रत्येक चौकशी करणाऱ्याला ‘आमच्याविषयी कुठे कळले?’ असे विचारून उत्तर नोंदवावे. जाहिरातींवर खर्च करणाऱ्यांना ही नोंद अधिक गरजेची आहे, कारण एप्रिल २०२१ मध्ये ॲपलने आयफोनवर वापरकर्त्याच्या हालचालींचा मागोवा घेण्यासाठी ॲपना त्याची परवानगी मागणे भाग पाडले, तेव्हापासून जाहिरात कंपन्यांच्या आकडेवारीत बुकिंगचा खरा उगम नेहमी दिसतोच असे नाही.

नवे माध्यम आले की पहिल्याच दिवशी कंपनीचे नाव तिथे राखून ठेवावे, मात्र धावत सुटू नये. जुलै २०२३ मध्ये आलेल्या थ्रेड्स या एक्ससारख्या माध्यमावर पाच दिवसांत दहा कोटी लोकांनी नोंदणी केली, पण नोंदणी केलेला प्रत्येक जण पुढे रोज तिथे थांबला नाही. तीन महिन्यांची मुदत ठरवून घ्यावी, आधीच तयार असलेली सामग्री तिथे न्यावी, आणि मुदतीअखेर चौकश्या किती आल्या व वेळ किती गेला हे पाहून निर्णय घ्यावा. प्रेक्षक आपल्या प्रवाशांच्या वयोगटाचा नसेल तर माध्यम कितीही गाजत असले तरी सोडून द्यावे.

सोडतानाही शिस्त हवी. खाते पुसून टाकू नये, कारण मोकळे झालेले नाव उद्या एखादा ठग घेऊ शकतो. सर्व सामग्री डाउनलोड करून घ्यावी, वर एक पोस्ट खिळवून आपण आता कुठे भेटतो ते लिहावे, संकेतस्थळाचा पत्ता आणि दूरध्वनी क्रमांक अद्ययावत ठेवावा, आणि तिथे उशिरा येणारे संदेश वाचण्यासाठी आठवड्यातून एकदा कोणीतरी डोकावेल अशी जबाबदारी नेमून द्यावी.